लहान डबा, कमी आवाज: घरच्या घरी गेमिंग कॉम्प्युटर

१. तीन प्रश्न, मूळ एकच

मुलाने गेमिंग पीसीचा विषय काढला की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. एवढा मोठा डबा ठेवायचा कुठे? आणि रात्री त्याची घरघर कोणी ऐकायची? जालना जिल्ह्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडते. एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही वर जातो. अशा उन्हात लहान डब्यातला कॉम्प्युटर तग धरेल का?

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी उष्णता आहे. कॉम्प्युटरने ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. २५० वॅट ओढणारा पीसी २५० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ती चिपपासून दूर न्यायला पंखे लागतात, पंख्यांचा आवाज होतो, आणि पंख्यांना हवा खेळती हवी म्हणून डबा वाढतो. म्हणजे आवाज आणि आकार या दोन्ही गोष्टी सुटे भाग निवडतानाच ठरून जातात. भरपूर वॅटचे भाग घ्यायचे आणि मग आवाज दाबण्यासाठी महागड्या पंख्यांवर पैसे घालायचे, हा उलटा आणि खर्चिक मार्ग आहे.

जालन्याचा उन्हाळा हा हिशेब आणखी कडक करतो. चिपचे तापमान खोलीच्या तापमानाबरोबर वर-खाली होते. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ग्राफिक्स चिप ६२ अंशांवर स्थिरावत असेल, तर ती खोलीपेक्षा ४२ अंशांनी गरम आहे. पंख्याचा वेग आणि गेम तोच ठेवला, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तीच चिप ८० अंशांच्या आसपास जाते. साधारण ८३ ते ९० अंशांच्या दरम्यान बहुतेक ग्राफिक्स चिप जळू नयेत म्हणून स्वतःचा वेग उतरवतात आणि गेम अडखळू लागतो. परदेशातल्या चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. त्यांतल्या तापमानाच्या आकड्यांत अंबड, परतूर किंवा भोकरदनच्या वाचकाने सरळ १५ अंश मिळवावेत आणि मगच भाग पसंत करावा. जाड भिंतींच्या माळवदी घरात ही झळ कमी बसते, पत्र्याखाली सर्वात जास्त.

२. कोणता भाग किती वीज खातो

बोलताना सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. इथे डब्याला कॅबिनेट आणि आतल्या मुख्य चिपला प्रोसेसर म्हटले आहे. प्रोसेसर गेमचे नियम, शत्रूंच्या हालचाली, आवाज यांचा हिशेब ठेवतो. पडद्यावरचे चित्र ग्राफिक्स कार्ड तयार करते. मदरबोर्ड सर्वांना जोडतो, रॅममध्ये चालू कामाची माहिती राहते, एसएसडीत गेम साठवले जातात आणि एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टपासून आतल्या भागांना लागणारी कमी दाबाची वीज बनवतो.

गेम चालू असताना सर्वात जास्त वीज ग्राफिक्स कार्ड खाते. मॉडेलनुसार यात प्रचंड तफावत आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० कार्डाची मर्यादा ११५ वॅट, आरटीएक्स ५०६० ची १४५ वॅट, तर आरटीएक्स ४०९० ची ४५० वॅट आहे. शेवटचे कार्ड लहान डब्यात घालून जालन्याच्या उन्हाळ्यात शांत ठेवण्याचा नाद सोडावा. पहिली दोन मात्र १०८० ओळींच्या साध्या मॉनिटरसाठी पुरेशी आहेत.

एक नमुना हिशेब असा. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर ६५ वॅट वर्गातला आहे, पण पूर्ण ताणात तो ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो. त्यात कार्डाचे ११५ मिळवले की २०३ होतात. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे साधारण २७ वॅट धरले, तर बेरीज २३०. एसएमपीएस भिंतीतून घेतलेल्या विजेचा थोडा भाग स्वतःच उष्णतेत घालवतो. त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर भिंतीतून २३० भागिले ०.९, म्हणजे सुमारे २५५ वॅट येतील. रोज ३ तास खेळले तर महिन्याला सुमारे २३ युनिट होतात. मॉनिटरचे २५ ते ३० वॅट वेगळे.

ग्राफिक्स कार्ड अजिबात न घेण्याचाही एक पर्याय आहे आणि तो फारसा कोणी सुचवत नाही. रायझन ५ ८६००जी किंवा रायझन ७ ८७००जी यांसारख्या प्रोसेसरमध्येच बऱ्यापैकी दमदार ग्राफिक्स असते. व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ यांसारखे गेम चित्राची प्रत थोडी उतरवून त्यावर चांगले चालतात. सायबरपंक २०७७ सारख्या जड गेमसाठी मात्र वेगळे कार्डच लागते. घरातल्या मुलाचे खेळणे पहिल्या प्रकारचे असेल तर बिनकार्डाचा पीसी हा सर्वात लहान, सर्वात शांत आणि सर्वात स्वस्त उपाय ठरतो. कार्ड पुढे कधीही घालता येते, फक्त कॅबिनेट आणि एसएमपीएस घेताना त्याची जागा आणि वॅट राखून ठेवावे लागतात.

३. आवाजाचे गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे माप साध्या बेरजेने चालत नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते, पण कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. सारखाच आवाज करणारे दोन पंखे एकत्र चालवले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. उलट एकाच पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच कमी होते.

हे दोन नियम एकत्र ठेवले की शांत पीसीचे गमक हाती येते. एका वेगवान पंख्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने फिरवले तर हवा तेवढीच मिळते आणि आवाज १५ वजा ३, म्हणजे सुमारे १२ डेसिबलने कमी होतो. मोठ्या पात्याच्या पंख्याचेही तेच. आडातून पाणी काढताना तांब्याने घाईघाईत उपसण्यापेक्षा मोठ्या बादलीने सावकाश ओढावे, तसे ८० मिमीच्या पंख्याच्या भणभणाटापेक्षा १२० किंवा १४० मिमीचा संथ पंखा बरा.

रात्रीची निवांत खोली ३० डेसिबलच्या आसपास असते. छताचा पंखा मध्यम वेगात साधारण ४० ते ५० आणि उन्हाळ्यातला मोठा कूलर ६० च्या घरात जातो. कूलर चालू असेल तेव्हा पीसीचा आवाज ऐकूच येणार नाही. खरी परीक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सगळे पंखे बंद असताना होते. खुर्चीपाशी ३० ते ३५ डेसिबल हे गाठता येण्याजोगे उद्दिष्ट आहे. मोबाइलमधली आवाज मोजणारी अॅप फार अचूक नसतात, पण आधीचा आणि नंतरचा आवाज ताडून पाहायला पुरतात.

शिवाय कानाला सतत सारखा असलेल्या आवाजाची सवय होते, चढउताराची होत नाही. दर मिनिटाला उसळी घेणारा पंखा त्याच सरासरीच्या स्थिर पंख्यापेक्षा जास्त त्रास देतो. त्याचा बंदोबस्त पुढे बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, करायचा आहे.

४. लिटरचा हिशेब

कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये सांगण्याची पद्धत आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागले की लिटर मिळतात. नेहमीचा टॉवर ४५ × २१ × ४५ सेंमी, म्हणजे सुमारे ४२ लिटर. ३४ × १८ × ३० सेंमीचा लहान डबा १८ लिटरच्या थोडा वर.

डब्याचा आकार मदरबोर्डवर अवलंबून असतो. इंटेलने १९९५ मध्ये आणलेला एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमीचा, त्याचा धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमीचा. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये मांडलेला मिनी-आयटीएक्स केवळ १७० × १७० मिमीचा आहे आणि लहान गेमिंग पीसी बहुतेक त्यावरच उभे राहतात. एसएमपीएसचाही लहान प्रकार मिळतो. त्याला एसएफएक्स म्हणतात आणि तो १२५ × ६३.५ × १०० मिमीचा असतो.

मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि एसएफएक्स एसएमपीएस दोन्ही महाग पडतात आणि तालुक्याच्या दुकानात सहसा नसतात. ते मागवून घ्यावे लागतात, किंवा छत्रपती संभाजीनगर, पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथून आणावे लागतात. बोर्ड बिघडला तर त्याच मापाचा दुसरा लगेच मिळेलच असे नाही. म्हणून घरी पहिल्यांदाच पीसी जोडणाऱ्याने मायक्रो-एटीएक्स बोर्डाचा २५ लिटरच्या आसपासचा डबा घ्यावा, हे अधिक शहाणपणाचे. ७-८ लिटर जास्त जातात, पण भाग स्वस्त मिळतात, हात घालायला जागा राहते आणि उन्हाळ्यात हवाही चांगली फिरते. १० लिटरच्या आतला डबा ही हौस आहे; ती दुसऱ्या पीसीच्या वेळी पुरवावी.

कॅबिनेट घेण्याआधी दोन मापे जुळवणे भाग आहे: ग्राफिक्स कार्डाची लांबी-जाडी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची. १२० मिमीच्या पंख्याचा उभा कूलर साधारण १५५ मिमी उंच असतो. डब्याच्या माहितीत कूलरची मर्यादा १४० मिमी लिहिली असेल तर तो बसणार नाही आणि झाकण लागणार नाही. काचेच्या बाजूपेक्षा जाळीची बाजू निवडावी. काच शोभते खरी, पण हवा अडवते.

५. हवा कुठून येते, कुठे जाते

डब्यातली हवा किती तापेल याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. जालन्याच्या उन्हाळी हवेसाठी वॅटला ३.२ ने गुणावे आणि दर तासाला डब्यातून जाणाऱ्या घनमीटर हवेने भागावे. २५० वॅट आणि तासाला ८५ घनमीटर हवा असेल तर उत्तर ९.४ येते. खोली ३८ अंश असेल तर डब्यातून निघणारी हवा ४७ अंशांची असेल. तेवढ्याच हवेत ६५० वॅटचा पीसी घातला तर वाढ २४ अंशांवर जाते, म्हणजे हवाच ६२ अंशांची. कमी वॅटचा आग्रह का, ते या एका भागाकारातून दिसते.

पंख्याच्या खोक्यावर लिहिलेला हवेचा आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, फिल्टर आणि तारांचा गुंता आडवे आले की तो बराच खाली येतो. म्हणून १२० मिमीचे दोन किंवा तीन पंखे लावावेत. आत ओढणाऱ्यांचा जोर बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडा जास्त ठेवला की फटींतून धूळ शिरण्याऐवजी हवा बाहेर पडते आणि धूळ फिल्टरवरच अडकते. पाण्याने थंड करणारे संच या वॅटसाठी अनावश्यक आहेत. त्यांचा पंप स्वतःची गुणगुण करतो आणि बिघडला तर दुरुस्ती जवळपास होत नाही.

पीसी बंद कपाटात किंवा टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबू नये. मागे वितभर जागा मोकळी हवी. जमिनीवरही नको, रोजच्या झाडूने उडणारी धूळ थेट आत जाते.

६. लाइट, यूपीएस आणि अर्थिंग

या भागावर सर्वात कमी खर्च केला जातो आणि नुकसान सर्वात जास्त इथेच होते. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला छापलेला असतो. तो असेल तर व्होल्टेज कमी-जास्त होते म्हणून वेगळा स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही. घेतलाच तर त्याची टकटक मात्र रात्रभर ऐकावी लागेल. धोका दुसराच आहे. न्यूट्रल तुटला तर घरातला दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो आणि तेवढा कोणताही घरगुती एसएमपीएस सोसत नाही. मीटरजवळच्या बोर्डात जास्त दाबाला लाइन तोडणारे उपकरण बसवणे, हा त्यावरचा इलाज. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की पीसीचा प्लग काढावा आणि इंटरनेटची केबलही.

यूपीएसवर व्हीए आणि वॅट असे दोन आकडे असतात. उपयोगाचा आकडा वॅटचा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. वरच्या नमुन्यात मॉनिटरसह भार २८५ वॅट आहे, म्हणजे तो चालेल पण जेमतेम, आणि बॅटरी जुनी झाली की दगा देईल. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्यावा. शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा; स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर आजकालचे काही एसएमपीएस नेमके लाइट जाताना बंद पडतात. यूपीएस खेळ चालू ठेवण्यासाठी नसतो. गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्याएवढी पाच-दहा मिनिटे मिळाली की त्याचे काम झाले.

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला पालथा हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर घरात अर्थिंग नाही किंवा ते तुटलेले आहे असे समजावे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जाणारे लहान कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा थोडासा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायला हवा. तार नसेल तर पत्र्यावर जवळजवळ निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी कमी असल्याने फक्त मुंग्या येतात, पण उद्या आत खरोखर फेज पत्र्याला लागला तर तोच पत्रा जीवघेणा ठरतो. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासून घ्यावे: फेज आणि अर्थ यांत २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थ यांत मोजके दोन-चार व्होल्ट. कोरड्या उन्हाळ्यात जमीन सुकली की चांगले अर्थिंगही कमकुवत होते. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतण्याची जुनी पद्धत शास्त्राला धरूनच आहे.

७. जोडणी

जोडणीला एक स्क्रू-ड्रायव्हर, मोकळे टेबल आणि दुपारभराचा वेळ पुरतो. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून सुती कपडे घालावेत आणि प्रत्येक भाग उचलण्याआधी अर्थिंगला जोडलेल्या धातूला हात लावावा.

प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना कोपऱ्यावरचा लहान त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवावा आणि सोडून द्यावा, दाबू नये. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये नाजूक पिना मदरबोर्डवर असतात, त्यांना बोट लागता कामा नये. त्यानंतर पोलादी पट्टी खाली करून दांडी अडकवताना बराच जोर लागतो आणि कुरकुर आवाज येतो. वरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण त्याच वेळी आपोआप उडून निघते. नवख्याला वाटते काहीतरी तुटले, पण ते तसेच व्हायचे असते. मग रॅम कट्ट आवाज येईपर्यंत बसवावी, एसएसडी तिरकी सरकवून स्क्रूने दाबावी, प्रोसेसरवर ४-५ मिमीचा थर्मल पेस्टचा ठिपका ठेवून कूलर बसवावा. कूलरच्या बुडाला चिकटवलेली पारदर्शक पट्टी काढायची राहते आणि मग पीसी काही मिनिटांत तापतो. ती आधी पाहावी.

लहान डब्यात एक पथ्य आवर्जून पाळावे. सगळे आत कोंबण्याआधी मदरबोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून एकदा सुरू करून पाहावा. रायझन ५ ७६०० मध्ये साधे ग्राफिक्स असते, त्यामुळे कार्डाशिवायही पडद्यावर चित्र येते. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेतो आणि तेवढा वेळ, कधी काही मिनिटे, पडदा काळाच राहतो. घाबरून बटण दाबू नये. चित्र आले की बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवावा. प्रोसेसरची आठ पिनांची वायर सर्वात आधी जोडावी, कारण कूलरच्या मागे नंतर बोटे पोचत नाहीत. ग्राफिक्स कार्ड सर्वात शेवटी.

८. पैसे न घालता आणखी शांतता

पीसी सुरू झाला की बायोसमध्ये पंख्याचा आलेख मिळतो. अमुक तापमानाला अमुक वेग, असे ठिपके त्यात ओढता येतात. ६० अंशांपर्यंत संथ सपाट रेषा, पुढे हलका चढ आणि वेग बदलण्याआधी तीन ते पाच सेकंदांचा विलंब ठेवला की क्षणोक्षणीची उसळी थांबते. तिथेच इको मोड असतो. त्याने ६५ वॅटचा प्रोसेसर ४५ वॅट वर्गात उतरतो आणि गेममध्ये फरक सहसा जाणवत नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये वॅटची मर्यादा ८० टक्क्यांवर आणावी. चिपला शेवटचा थोडा वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. त्यामुळे वरचे २० टक्के वॅट कापले तरी सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, म्हणजे फ्रेम, थोडक्याच टक्क्यांनी घटतात. फ्रेमवरही मर्यादा घालावी. मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल तर कार्डाला १४० बनवायला लावण्यात वीज वाया जाते. मर्यादा घातली की मेनूच्या पडद्यावर कार्डातून येणारी बारीक चीं-चीं देखील बहुधा थांबते.

९. धूळ आणि कूलरचे पाणी

जालना शहराभोवती पोलादाच्या रोलिंग मिल आहेत आणि जिल्हाभर कापसाचे पीक. गिरणीजवळच्या वस्तीतल्या धुळीत लोखंडाचे कण असू शकतात आणि ते वीज वाहून नेतात. कापसाचे तंतू चिपची उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकच्या पत्र्यांत अडकून हवा तुंबवतात. फिल्टर महिन्याला झटकावा. आतली सफाई वर्षातून दोनदा करावी: एकदा होळीच्या सुमारास, ऊन तापण्याआधी, आणि एकदा कापूस वेचणी उरकल्यावर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती गरगर फिरून बेअरिंग खराब होते. एसएमपीएस कधीही उघडू नये; प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही काळ टिकून राहू शकतो.

कूलरमुळे खोली थंड होते आणि पीसीलाही त्याचा फायदाच होतो, पण त्याचा झोत पीसीवर नसावा. बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार आत गेले तर सुकल्यावर क्षार मागे राहतात, ते संपर्क गंजवतात. खोली ४२ अंशांच्या वर तापली असेल तर खेळ संध्याकाळवर ढकलावा. थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांनी बदलावी आणि भागांची जीएसटीची बिले खोक्यांसह वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवावीत.